मित्र आले त्या धक्क्यावर

दरवर्षी मे महिन्यात वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला हार पडतात, भाषणं होतात. १७३९चा विजय मोठा होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती याच खाडीकाठच्या दुसऱ्या एका तारखेबद्दल, जिचं नाव त्या भाषणांत कुणी काढत नाही: ३१ डिसेंबर १८०२. त्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईत इंग्रजांशी तह केला आणि मित्राची फौज घरात घेतली. आज ३१ डिसेंबरला आमच्या भुईगावच्या किनाऱ्याकडे मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. त्या गाड्यांतल्यांचं सोडा, रांगेला शिव्या घालणाऱ्या आम्हा गावकऱ्यांना तरी ती तारीख कुठे ठाऊक असते?

माझं म्हणणं सरळ आहे. वसईच्या बंदरावर या तहाचा एक दगड उभा राहिला पाहिजे.

दोस्त सैन्याच्या आगमनाची स्मारकं जगभर बंदरांवर आहेत. फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, आरोमांश गावासमोर, १९४४ साली दोस्तांनी उभारलेल्या कृत्रिम बंदराचे अवशेष आजही समुद्रात दिसतात. तिथले लोक त्या सैनिकांना मानतात, कारण ते आले, लढले आणि ज्यांचा देश होता त्यांच्या हाती तो सोपवून गेले. आलेल्या मित्राची किंमत तो जातो कधी यावरून ठरते.

आमचे मित्र कसे आले? २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. वैर घरातलंच होतं. आदल्या वर्षी यशवंतरावांचा भाऊ विठोजी याला बाजीरावाने पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं. बाजीराव पळाला तो महाडमार्गे, इंग्रजांच्या जहाजातून वसईला आला. मग कागद झाला. सहा हजारांहून कमी नाही इतकं कंपनीचं पायदळ, तोफखान्यासह, कायमचं पेशव्याच्या मुलखात. त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. सुरतेवरचा हक्क सोडायचा. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादात इंग्रजांचा निवाडा मानायचा. इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी युद्ध नाही की बोलणी नाहीत. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात; इथे घोड्याने दाण्यासाठी शेतच लिहून घेतलं.

१३ मे १८०३ रोजी इंग्रजी संगिनींच्या सावलीत बाजीराव पुन्हा गादीवर बसला. हाही मे महिनाच. सप्टेंबरात असईला त्याच मित्रांनी शिंदे-भोसल्यांना हरवलं आणि १८१८मध्ये गादीच संपवली. शेवटची ब्रिटिश पलटण गेटवे ऑफ इंडियातून बोटीत चढली ती २८ फेब्रुवारी १९४८ला. वसईच्या सहीपासून मोजा: एकशे पंचेचाळीस वर्षं.

यावर लोक म्हणतात, लाजेचं स्मारक कशाला? मी विचारतो, मग तोफेने घेतलेला किल्ला आणि शाईने गेलेलं राज्य यातलं आपल्याला जास्त शिकवतं काय? १७८०मध्ये इंग्रजांनी हाच किल्ला लढून घेतला होता आणि सालबाईच्या तहानंतर तो त्यांना परत द्यावा लागला. लढून गेलेलं परत मिळालं. सही करून दिलेलं मिळालं नाही.

दुसरा आक्षेप असा, की दोनशे वर्षांपूर्वीचं उकरून उपयोग काय. उपयोग बघायचा तर वसईतल्या वाड्या बघा. दोन भावांचा बावखलाच्या, केळीच्या तुकड्यावरून दावा चालतो. एकाकडे वकिलाला द्यायला पैसे नसतात. मग कुणीतरी शेटजी गाडीतून उतरतो, ‘काळजी करू नका, मी आहे ना’ म्हणतो, केसचा खर्च उचलतो आणि एका कागदावर सही घेतो. केस मदत घेणारा भाऊ जिंकतो. वाडी मात्र दोघांचीही राहत नाही. हा वसईचा तह आहे, आणि तो आमच्या तालुक्यात वर्षभर होत असतो.

शिवाय १७३९ची गोष्ट सांगताना नकळत कुणी जेत्याच्या बाजूला बसतं, कुणी हरलेल्याच्या. आमच्या गावात देवळाची घंटा आणि चर्चची घंटा दोन्ही ऐकू येतात. तिथे हे बसणं बोचतं. १८०२मध्ये मात्र सगळेच हरले. त्या दगडासमोर कुणालाच छाती फुगवता येणार नाही, म्हणून तिथे सगळ्यांना शेजारी शेजारी उभं राहता येईल.

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, त्याला हात लावू नका. महानगरपालिकेने धक्क्याजवळ बाहेर चार हात जागा द्यावी. पुतळा नको, तलवार नको, उद्घाटकाच्या नावाची पाटी तर नकोच नको. तहाची कलमं सोप्या मराठीत कोरा, शेवटी दोन तारखा लिहा: फौज आली ती आणि गेली ती. मधली वर्षं वाचणाऱ्याने स्वतः मोजावीत.