मुक्या जिवांचे दात आणि न सांगितलेले दर

अकोला, विशेष प्रतिनिधी

वऱ्हाडातील गुरांच्या बाजारात बैलाचा जबडा उघडून पाहिल्याखेरीज सौदा पुढे सरकत नाही. दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला, यावरून वय ठरते आणि वयावरून किंमत. जनावराच्या दातांची अशी पारख असलेल्या या प्रदेशात शहरी घरांतील कुत्र्या-मांजरांच्या तोंडात मात्र क्वचितच कोणी डोकावते. अकोल्याच्या जठारपेठेसारख्या वस्तीत सकाळच्या वेळी साखळी हातात घेऊन फिरायला निघालेली कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. लसीकरणाचे कार्ड जपून ठेवले जाते, आहारावर खर्च होतो. पण ‘याच्या तोंडाला वास येतो’ ही तक्रार बहुतेक घरांत हसण्यावारी नेली जाते.

हा वास बहुधा रोगाचा असतो. जेव्हा ते लक्षात येते आणि प्राणी दवाखान्यात नेला जातो, तेव्हा पहिला प्रश्न खर्चाचा निघतो. त्याला मिळणारे उत्तर बरेचदा मोघम असते: ‘आधी तोंड पाहावे लागेल, मग सांगू.’ एक ठिकाणी एक रक्कम, दुसरीकडे तिच्या तिप्पट, आणि दोन्हींत नेमके काय काय धरले आहे याचा खुलासा कोठेच नाही, असा अनुभव पाळणाऱ्यांना नवा नाही. दरांतील ही संदिग्धता केवळ खिशापुरती मर्यादित नाही. प्राण्याला कोणत्या दर्जाचा उपचार मिळणार, हे त्यातूनच ठरते.

दुखणे हिरडीच्या आत

प्रौढ कुत्र्याला ४२, तर मांजराला ३० दात असतात. दुधाचे दात साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत पडून कायमचे दात येतात. जेवणानंतर दातांवर जीवाणूंचा चिकट थर साचतो. तो पुसला गेला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच त्याचे कठीण कीटण बनते. पिवळे-तपकिरी कीटण डोळ्यांना दिसते. खरी हानी मात्र हिरडीच्या खाली होते. तेथे जीवाणू शिरल्यावर हिरडी सुजते, दाताला धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचे हाड झिजू लागते. तीन वर्षांचे वय ओलांडलेल्या बहुतेक कुत्र्या-मांजरांत या रोगाची काही ना काही लक्षणे आढळतात, असे पशुवैद्यकशास्त्र सांगते.

पामेरियनसारख्या लहान जातींत दुधाचे दात न पडता कायमच्या दातांशेजारी तसेच राहतात, अन्न अडकते आणि रोग लवकर सुरू होतो. हाड किंवा दगड चावण्याच्या सवयीने वरची मोठी दाढ तडकते. तिच्या मुळाशी पू झाला की डोळ्याखाली सूज येते आणि घरचे लोक ती डोळ्याची व्याधी समजतात. मांजरांत दात मुळापासून विरघळत जाण्याचा वेगळाच विकार आढळतो; तो अनेकदा एक्स-रेशिवाय कळत नाही. ‘तो व्यवस्थित जेवतो, म्हणजे दुखत नसणार’ हा समज सर्वांत घातक. प्राणी वेदना लपवतात. दाढ दुखत असली तरी दुसऱ्या बाजूने चावून जेवतात.

एका शब्दात दोन वेगळे उपचार

‘दात साफ करणे’ या एकाच शब्दाखाली बाजारात दोन अगदी भिन्न गोष्टी मिळतात, आणि दरांतील गोंधळाचे मूळ येथे आहे. पहिली म्हणजे शास्त्रीय दंतोपचार. त्यात आधी शारीरिक तपासणी आणि रक्तचाचण्या होतात. नंतर पूर्ण भूल दिली जाते आणि श्वासनलिकेत नळी बसवली जाते. नाही तर धुताना वापरलेले पाणी आणि कीटणाचे तुकडे फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. प्रत्येक दाताभोवती हिरडीची खोली मोजली जाते, एक्स-रे काढले जातात, दाताच्या वर आणि हिरडीच्या खाली स्वच्छता होते आणि शेवटी दात गुळगुळीत केले जातात, कारण खरवडीवर थर पुन्हा लवकर बसतो. गरज असेल तेथे दात काढून टाके घातले जातात. शुद्धीवर येईपर्यंत देखरेख आणि वेदनाशामक औषधे यांचाही त्यात समावेश असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे प्राण्याला धरून ठेवून, भूल न देता, दातांचा दिसणारा भाग खरवडणे. काही ठिकाणी केस कापण्याच्या आणि आंघोळीच्या सेवेबरोबरच हे काम उरकले जाते. दात पांढरे दिसतात, मालक समाधानी होतो. हिरडीखालचा रोग मात्र जागच्या जागी राहतो. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या दंतविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी आणि अमेरिकन पशुरुग्णालय संघटनेच्या २०१९ च्या तत्त्वांनी भुलेविना केल्या जाणाऱ्या या सफाईला स्पष्ट विरोध केला आहे.

ग्राहकाला मात्र दोन्हींचे नाव एकच ऐकू येते आणि समोर दोन आकडे असतात. तपशील नसल्यामुळे तो स्वस्त आकडा निवडतो, यात त्याचा दोष फारसा नाही. परिणाम असा, की रक्तचाचणी, नळी, एक्स-रे आणि देखरेख यांवर खर्च करणारा प्रामाणिक पशुवैद्यक ‘महागडा’ ठरतो आणि वरवरची खरवड करणारा ‘परवडणारा’. दर झाकलेले राहिले की चांगले काम मागे पडते, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

पशुवैद्यकांची अडचण

पशुवैद्यकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. तोंड उघडून वरवर पाहिल्यावर किती दात वाचतील आणि किती काढावे लागतील, हे सांगता येत नाही. जागा असताना प्राणी तोंडात उपकरण घालू देत नाही; मुळाची स्थिती एक्स-रेमध्येच दिसते. भूल दिल्यावर दोनऐवजी सहा दात निकामी आढळणे ही नेहमीची गोष्ट आहे. आधी सांगितलेली रक्कम वाढली की वाद होतो, म्हणून आकडाच न सांगण्याकडे कल वाढतो.

त्यातच साधनसामग्रीचा खर्च आहे. दातांचे एक्स-रे यंत्र, वायुरूप भूल देण्याचे यंत्र आणि देखरेखीची उपकरणे यांत पैसा गुंतवायचा, तर त्या तोडीचे रुग्ण मुंबई-पुण्यात मिळतात, मध्यम आकाराच्या शहरात ते तुरळक असतात. मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे अद्ययावत रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. त्यासाठी सुमारे १६५ कोटी रुपये खर्च आला. अकोल्यातील एकट्याने चालवलेल्या दवाखान्याची त्याच्याशी तुलना करणे अन्यायाचे होईल. माणसांसाठी दंतवैद्यकाची स्वतंत्र पदवी आहे; प्राण्यांच्या बाबतीत हा विषय पशुवैद्यक पदवीच्या शल्यचिकित्सेतच सामावलेला असतो. वऱ्हाडातील उन्हाळा, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना भूल देताना घ्यावी लागणारी जादा काळजी, यांचाही विचार डॉक्टरला करावा लागतो.

या अडचणी खऱ्या आहेत. तथापि, नेमका आकडा सांगता येत नाही म्हणून काहीच लिहून द्यायचे नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

कायदा काय सांगतो

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. म्हणजे भूल देणे आणि दात काढणे ही कामे कोणा हौशी माणसाची नव्हेत. मात्र खासगी दवाखान्यांनी कोणत्या सेवेला किती शुल्क घ्यावे, याचे बंधनकारक दरपत्रक आपल्याकडे नाही. माणसांच्या रुग्णालयांसाठी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावण्याची तरतूद झाली. प्राण्यांच्या दवाखान्यांना ती लागू नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मात्र येथे उपयोगी पडतो. शुल्क देऊन घेतलेल्या सेवेचा दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणे हा या कायद्याने ग्राहकाचा हक्क मानला आहे, आणि सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे विनाशुल्क दाखल करता येते. आणखी एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते: पशुवैद्यकीय दवाखान्याने दिलेल्या आरोग्यसेवेला वस्तू व सेवा करातून २०१७ पासूनच सूट आहे. त्यामुळे उपचार एका बाजूला आणि खाद्य, साबण किंवा केस कापण्याची सेवा दुसऱ्या बाजूला, असे बिल वेगळे मांडले गेले पाहिजे. एकरकमी चिठ्ठीत हा फरक दिसतच नाही.

ब्रिटन आणि जर्मनीचे धडे

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. ब्रिटनमधील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये पशुवैद्यकीय सेवांचा आढावा सुरू केला, तेव्हा त्याला सुमारे ५६ हजार प्रतिसाद आले. ८० टक्क्यांहून अधिक दवाखान्यांच्या संकेतस्थळांवर दरांची माहितीच नाही, असे मार्च २०२४ मध्ये त्याने नोंदवले. २०१६ ते २०२३ या काळात तेथील शुल्क सरासरी ६३ टक्क्यांनी वाढले. ऑक्टोबर २०२५ मधील तात्पुरत्या निर्णयात प्राधिकरणाने दरपत्रक प्रसिद्ध करणे आणि ५०० पौंडांहून अधिक खर्चाच्या उपचारासाठी लेखी अंदाज देणे, असे उपाय सुचवले.

जर्मनीची वाट वेगळी आहे. तेथे पशुवैद्यकांचे शुल्क कायद्याने ठरवलेल्या दरपत्रकानुसार घेतले जाते; नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. प्रत्येक सेवेचा मूळ दर ठरलेला असून कामाच्या कठीणतेनुसार तो तिपटीपर्यंत घेता येतो, आकस्मिक सेवेत त्याहून अधिक. आपल्याकडे सरकारने दर बांधून देणे आज व्यवहार्य वाटत नाही, आणि चुकीच्या दराने चांगला दंतोपचारच बंद पडण्याची भीती आहे. ब्रिटनमधील लेखी अंदाजाची कल्पना मात्र उद्यापासून अमलात आणता येण्याजोगी आहे, आणि तिला यंत्रसामग्री लागत नाही.

दोन टप्प्यांचा अंदाज

दंतोपचाराच्या बाबतीत हा अंदाज दोन टप्प्यांत दिला, तर डॉक्टर आणि पालक दोघांचीही अडचण सुटते. पहिल्या टप्प्यात निश्चित बाबी लिहाव्यात: तपासणी, रक्तचाचणी, भूल, एक्स-रे, स्वच्छता, देखरेख. यांचा आकडा आधी सांगता येतो. दुसऱ्या टप्प्यात अनिश्चित बाबी: साधा दात काढण्याचा दर, मोठी दाढ काढण्याचा दर आणि त्यांची किमान व कमाल मर्यादा. मर्यादेच्या वर गेल्यास भूल चालू असतानाच दूरध्वनी करून संमती घ्यावी, किंवा उरलेले काम दुसऱ्या दिवसासाठी राखावे, हेही आधीच लिहून ठरवावे. जो दवाखाना एक्स-रे काढत नाही, त्याने तसे लिहावे. त्यात कमीपणा नाही. न सांगण्यात आहे.

जाहिरातबाजीवरील व्यावसायिक निर्बंधांमुळे दर लिहिण्याचा संकोच काहींना वाटतो. परंतु समोर बसलेल्या पालकाला लेखी अंदाज देणे ही जाहिरात नव्हे. राज्य पशुवैद्यक परिषदेने याबाबत एक साधा नमुना तयार करून दिला, तर हा संकोच दूर होईल.

अकोल्याला येथे विशेष संधी आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था याच शहरात आहे. सार्वजनिक संस्थांनी आपल्या सेवांची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी, अशी माहितीच्या अधिकार कायद्याच्या कलम ४ ची अपेक्षा आहे. कुत्र्या-मांजरांच्या दंतोपचाराचे बाबवार दरपत्रक संस्थेने ठळकपणे मांडले, तर जठारपेठेतील पालकाच्या हाती तुलनेसाठी एक विश्वासार्ह माप येईल आणि खासगी दवाखान्यांनाही आपला जादा दर कशासाठी आहे हे सांगणे सोपे जाईल.

घरातला अर्धा उपचार

पालकांचीही काही जबाबदारी आहे. पिल्लू लहान असतानाच बोटाने, मग मऊ ब्रशने रोज दात घासण्याची सवय लावली, तर मोठा खर्च पुढे ढकलता येतो, कधी टळतोही. माणसांची टूथपेस्ट मात्र वापरू नये: प्राणी ती गिळतात, आणि काहींतील झायलिटॉल हा गोडवा कुत्र्यांना विषारी आहे. शिजवलेली हाडे खाऊ घालू नयेत. लसीकरणाच्या दिवशीच डॉक्टरांना ‘तोंडही पाहा’ एवढे म्हणावे. दवाखान्यात ‘किती लागतील’ या प्रश्नासोबत आणखी तीन प्रश्न विचारावेत: भूल देणार का, एक्स-रे काढणार का, आणि दात काढावा लागल्यास वेगळे किती?

बैलाच्या बाजारात दोन्ही बाजूंना दाताचे मोल कळते, म्हणून सौदा उघड्यावर होतो. दवाखान्यात एका बाजूला ज्ञान आहे आणि दुसऱ्या बाजूला केवळ विश्वास. ज्याच्या तोंडात दुखते आहे, त्याला तर बोलताच येत नाही. त्याच्या वतीने पालकाने विचारणे आणि डॉक्टरने लिहून देणे, ही दोन्ही कामे कायद्याची वाट न पाहता सुरू होऊ शकतात.