पुडी बांधणारा आणि पिशवी पोचवणारा

बोईसरहून नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर किराणा दुकाने आहेत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या कामगाराचे महिन्याचे वाणसामान अशाच दुकानांतून, पुष्कळदा वहीवर लिहून, घरी जाते. पगार लांबला तरी चूल पेटते ती या उधारीवर. आता तेच सामान मोबाईलवर मागवण्याची रीत महानगरांतून लहान शहरांकडे सरकत आहे, आणि 'छोटा दुकानदार वाचवा' अशी हाक उठत आहे. हाक रास्त आहे. पण अपुरी आहे.

कारण दुकानदाराच्या मागे आणखी एक माणूस उभा आहे. पोती उचलणारा, पुड्या बांधणारा, रात्री सर्वांत शेवटी घरी जाणारा दुकानातला नोकर. या वादात त्याचा विचार कोण करतो? १९४८ च्या गुमास्ता कायद्याने त्याच्या कामाच्या तासांना मर्यादा घातली, साप्ताहिक सुट्टी दिली. २०१७ साली त्याच्या जागी आलेल्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. दोन-तीन नोकरांच्या किराणा दुकानाचा यात प्रश्नच उरत नाही. म्हणजे या नोकराचे छत्र मोबाईलने नव्हे, सरकारने काढून घेतले.

उद्या दुकान मोडले की हाच तरुण दुचाकीवरून पिशव्या पोचवू लागेल. तेथे त्याला नोकर म्हणत नाहीत, 'भागीदार' म्हणतात! गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, अपघात त्याचा. दर मात्र कंपनीचा आणि काम बंद करण्याचा अधिकारही कंपनीचा. ही कसली भागीदारी? २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची दखल घेतली, कंपन्यांवर उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदानही ठेवले. परंतु किमान वेतन आणि कामाचे तास यांचा हक्क त्या संहितेने दिलेला नाही.

'काम रोजचे वेगळे, मालक अनेक, मग हक्क कोणाकडे मागणार?' हा युक्तिवाद जुनाच आहे. मुंबईच्या बाजारांतील हमालांनाही तोच ऐकवला जाई. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते लढले आणि १९६९ साली, तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, माथाडी कायदा झाला. कामगाराची नोंदणी मंडळाकडे. मालकाने मजुरीबरोबर लेव्हीही मंडळात भरायची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा. किराणा बाजार व दुकानांसाठी तर स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. पाठीवरच्या पोत्याला जे सूत्र लागू पडले, ते दुचाकीवरच्या पिशवीला का लागू पडू नये? प्रत्येक फेरीमागे लेव्ही, प्रत्येक कामगाराची नोंदणी आणि मंडळावर त्यांचे प्रतिनिधी, ही आपली मागणी असली पाहिजे.

छोट्या दुकानदारांना बड्या भांडवलाविरुद्ध आपण साथ देऊच. मात्र नोकराच्या बारा तासांवर दुकान तगवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, हेही त्यांना स्नेहाने सांगितले पाहिजे. नवापूर-बोईसरच्या कार्यकर्त्यांनी आरंभ नोंदवहीपासून करावा: कोणत्या दुकानात किती जण, किती तास, किती वेतनावर काम करतात, पिशव्या पोचवणारे किती आहेत. या दोघांना एका सभेत शेजारी बसवले, तर आपण एकाच पोत्याचे हमाल आहोत हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.