तिसरी पिन कोणी कापली?

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. लेथला झेंडूचा हार, कॉम्प्रेसरला हळदकुंकू, आणि भिंतीवरच्या खिळ्याला वर्षभर लटकलेल्या ड्रिल मशीनलाही त्या दिवशी फडक्याने पुसून पाटावर जागा मिळते. जवळ जाऊन पाहिले तर हाराखाली वेगळेच काही दिसते. केबलला तीन ठिकाणी काळी टेप, चकची चावी केबललाच सुतळीने बांधलेली, आणि टोकाला तीन पिनांऐवजी दोन. तिसरी, वरची जाड पिन कापलेली. कधीकधी तर पिन टॉपच नसतो. सोललेल्या दोन तारा बोर्डाच्या भोकांत घालून आगपेटीच्या काड्यांनी ठोकलेल्या असतात.

वडोदऱ्याहून पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या पादऱ्यात हे चित्र दिसते, तसेच ते चाकण, सातपूर किंवा गोकुळ शिरगावातही दिसते. पादरा ओळखला जातो तो भाजीपाल्यासाठी. पण याच तालुक्यात एकलबारा, करखडी, लुणा या पट्ट्यात रासायनिक कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या टाक्या, पाइप, स्टँड बनवणारी फॅब्रिकेशनची छोटी शेड त्यांच्यामागोमाग आली. मोठ्या कारखान्यात स्फोट झाला की त्याची बातमी होते. 11 जानेवारी 2020 रोजी तालुक्यातल्या गवासद येथे वायूचे सिलिंडर भरणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन किमान पाच जण गेले, तेव्हा देशभर छापून आले. शेडमध्ये ड्रिलने मनगट पिरगळले, बोट गेले किंवा शॉक लागून कोणी शिडीवरून पडला, तर बातमी होत नाही. झालीच तर दोन ओळींची, आणि त्यात एक ठरलेला शब्द असतो: निष्काळजीपणा. अर्थात कामगाराचा.

या शब्दाला आता हरकत घ्यायला हवी. ड्रिल सुरक्षित आहे की नाही, यातले बरेचसे कामगाराच्या हातात ते येण्याआधीच ठरलेले असते. ते ठरते खरेदीच्या टेबलावर, स्टोअरच्या खिडकीत आणि शेडच्या वायरिंगमध्ये.

तिसऱ्या पिनेचेच पाहू. धातूचे अंग असलेल्या ड्रिलमध्ये हिरवी तार त्या अंगाला जोडलेली असते. आत वाइंडिंग जळून किंवा तार निसटून फेज अंगाला टेकला, तर करंट हिरव्या तारेने जमिनीत निघून जावा आणि फ्यूज उडावा, एवढेच तिचे काम. ती तुटली की करंटला उरतो तो मार्ग म्हणजे ड्रिल धरलेला माणूस. घामाने ओल्या शरीराचा विरोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर 230 व्होल्टला सुमारे 230 मिलिअँपिअर करंट जातो. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडवत नाही. तीसच्या पुढे जीवाशी गाठ असते. इथे एक गैरसमज फार पक्का आहे: “आमच्याकडे एमसीबी आहे.” सोळा अँपिअरची एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असते. माणसातून जाणारा पाव अँपिअर तिच्या खिजगणतीतही नसतो. माणसासाठी लागते ती तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी. तिच्यावरचे ‘टी’ लिहिलेले बटण अधूनमधून दाबून ती खटकन पडते का, हे पाहायचे असते. किती शेडमध्ये ते बटण बसवल्या दिवसानंतर एकदा तरी दाबले गेले असेल?

दोन पिनांचे प्रत्येक ड्रिल गुन्हेगार नसते, हेही सांगायला हवे. आजकालच्या बहुतेक प्लास्टिकच्या ड्रिलवर नावाच्या पट्टीत एकात एक असे दोन चौकोन छापलेले असतात. त्याचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन. अशा ड्रिलला कारखान्यातूनच अर्थची तार नसते आणि ती लागतही नाही. पण तेच ड्रिल पाण्यात भिजले, कूलंट आत गेले किंवा केबल सोलली गेली, तर दोन चौकोनही वाचवत नाहीत. जुनी जाडजूड, ॲल्युमिनियमच्या अंगाची ड्रिल अजून हजारो शेडमध्ये चालतात. तिथे तिसरी पिन हवीच.

मालकांचे म्हणणे असते की ती पिन कामगारच कापतात. खरे आहे. ड्रिल केबलला धरून लोंबकळत नेणे, केबल ओढून प्लग काढणे, हेही तेच करतात. पण पिन का कापली, हे विचारले तर उत्तर सरळ मिळते: एक्स्टेंशन बोर्ड दोन तारांचा आहे, तिसरे भोक बंद आहे, आणि ठेकेदाराला संध्याकाळपर्यंत चाळीस भोके पाडून हवी आहेत. बोर्ड बदलायला कोणाला सांगायचे, हे त्याला माहीत नसते. माहीत असले तरी सांगून दिवस फुकट घालवणे त्याला परवडत नाही. शेडच्या मागे कोळसा-मीठ भरलेला अर्थिंगचा खड्डा असतो. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो आणि त्यात पाणी घालायचे असते. हे कामगाराचे काम नाही.

विजेच्या धक्क्याखालोखाल धोका असतो ड्रिलच्या पिळाचा. मराठी सुताराकडे पूर्वी सामता असे. धनुकलीची दोरी गुंडाळून तो पुढेमागे फिरवायचा. पाते अडकले की दोरी घसरायची आणि हात थांबला की सामता थांबायचा. गिरमिटाचेही तसेच, वेग हाताचाच. वीज आली आणि हा करार मोडला. 1889 मध्ये मेलबर्नला आर्नॉट आणि ब्रेन यांनी विजेच्या ड्रिलचे पेटंट घेतले, 1895 मध्ये जर्मनीत फाइन बंधूंनी ते हातात धरण्याजोगे केले, आणि 1917 मध्ये अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर यांना पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा खटका असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळाले. खटका सोडला की यंत्र थांबते, ही त्या मुठीची सोय होती. मग कोणीतरी खटका दाबून ठेवणारे ‘लॉक’चे बटण बसवले आणि सोय निम्मी गेली.

मऊ पोलादात 10 मिलिमीटरचे भोक पाडताना बीट मिनिटाला साधारण आठशे फेरे घेते. म्हणजे सेकंदाला तेरा. काहीतरी बिघडल्याचे डोळ्याला दिसून हात मागे यायला पाव सेकंद तरी जातो. तेवढ्यात तीन फेरे होतात. हातमोज्याचा धागा, मफलरचे टोक किंवा पूजेचा मनगटातला गंडा बिटात अडकला, तर हात मागे घेण्याआधीच त्याचे तीन वेढे बसलेले असतात. म्हणूनच उभ्या ड्रिल मशीनवर हातमोजे घालू नयेत, असे सगळे सांगतात. गंमत अशी की ‘सेफ्टी’ म्हणून ठेकेदार सुती हातमोज्यांचा गठ्ठा आणून वाटतो आणि डोळ्यांचा चष्मा मात्र विसरतो.

सर्वांत धोक्याचा क्षण असतो भोक पलीकडे निघतानाचा. पातळ पत्र्यात बिटाची धार कडेला पकडते आणि पत्रा नाहीतर ड्रिल, जे सैल असेल ते फिरते. पत्रा हाताने धरलेला असेल तर तो करवतीसारखा फिरतो. काम व्हाईसमध्ये किंवा क्लॅम्पमध्ये हवे, ड्रिलला बाजूची मूठ हवी, शेवटी दाब कमी हवा. ती बाजूची मूठ नव्या ड्रिलच्या खोक्यात येते आणि पुष्कळदा खोक्यातच राहते. बोथट बिटावर माणूस अंगाचा भार टाकतो, त्यामुळे पलीकडे निघताना झटका जास्त बसतो. बिटाला धार लावणे हे म्हणूनच सुरक्षेचेही काम आहे. तरी नवे बीट मागणाऱ्याकडे स्टोअरकीपर जणू त्याने पगारवाढ मागितल्यासारखे पाहतो.

मग वीज जाते. ड्रिल थांबते. ‘लॉक’ दाबलेलेच राहते आणि कामगार बीट बदलायला घेतो. वीज परत येते. उभ्या मशीनच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असेल, तर वीज आली तरी हिरवे बटण पुन्हा दाबेपर्यंत मोटर फिरत नाही. खर्च वाचवायला साधा स्विच लावला असेल, तर मोटर फिरते आणि चकमध्ये विसरलेली चावी गोळीसारखी सुटते. मॅग्नेट ड्रिलची गोष्ट याहून वाईट आहे. विजेच्या चुंबकाने ते गर्डरला चिकटून बसते आणि वीज गेली की सुटते. उंचावर काम करताना ते साखळीने बांधायचे असते. ती साखळी यंत्राबरोबर येते आणि ट्रकचा फाळका बांधायला वापरली जाते.

पादऱ्यासारख्या रासायनिक पट्ट्यात आणखी एक जागा आहे, जिथे निष्काळजीपणा हा शब्द अगदीच अपुरा पडतो: टाकीच्या आत. चारही बाजूंनी लोखंड, अंग घामेजलेले, पळायला जागा नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात 36-अ हे कलम याचसाठी होते: टाकी, खड्डा, पाइप अशा कोंदट जागेत, पुरेशी सुरक्षा साधने नसतील तर, 24 व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा दिवा किंवा इतर विजेचे उपकरण वापरायला मनाई. शिवाय ड्रिलच्या मोटरीत कार्बन घासताना ठिणग्या पडतात. हवेच्या भोकांतून त्या निळसर दिसतातही. सॉल्व्हंटची वाफ असेल तिथे हवेच्या दाबावरचे ड्रिल लागते. ब्रिटनमध्ये बांधकामावर पिवळ्या ट्रान्सफॉर्मरवरची 110 व्होल्टची अवजारे रूढ आहेत. त्यांत जमिनीच्या तुलनेत दाब 55 व्होल्टच राहतो. आपल्याकडे असा ट्रान्सफॉर्मर बनवता येत नाही असे नाही. वडोदरा तर ट्रान्सफॉर्मरचेच शहर. मागणी नाही, एवढेच.

देखभाल या शब्दाचा अर्थ पादऱ्याला परक्याने सांगायची गरज नाही. 9 जुलै 2025 च्या सकाळी तालुक्यातला मुजपूर-गंभीरा पूल महीसागर नदीत कोसळला आणि किमान वीस जण गेले. 1985 मध्ये खुला झालेला तो पूल हादरतो, अशी तक्रार गावकरी आधीपासून करत होते. त्या वेळी कोणी ट्रकचालकांचा निष्काळजीपणा म्हटले नाही. चौकशी झाली ती पुलाची जबाबदारी असलेल्यांची, आणि अभियंते निलंबित झाले. पुलाच्या बाबतीत जे सरळ कळते, ते शेडमधल्या अवजाराच्या बाबतीत कळू नये, याला कारण एकच दिसते: तिथे मरणारा एकटा असतो.

गुडगाव-मानेसर पट्ट्यात जखमी कामगारांबरोबर काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून वाहन उद्योगातल्या अपघातांचे अहवाल काढते. त्यातली एक नोंद अस्वस्थ करते. बहुतेक जखमींना कर्मचारी राज्य विम्याचे कार्ड नोकरीला लागल्या दिवशी न मिळता अपघात झाल्यावर मिळाले होते. बोट गेल्यावर तो कागदावर कामगार झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितेत वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर गेली आहे. बारा-पंधरा जणांची शेड आता ‘कारखाना’ उरत नाही. ‘आस्थापना’ म्हणून मालकाची सामान्य कर्तव्ये राहतात, पण अशा शेडकडे निरीक्षक आधीच क्वचित फिरकायचा. ड्रिलची टेप लावलेली केबल नेमकी याच शेडमध्ये जास्त सापडते.

वडोदऱ्यात या सगळ्याचे मूळ सांगणारी एक इमारत आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1890 मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवले, आणि विज्ञान-तंत्राचे शिक्षण लोकांच्या भाषेतून द्यावे हा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. आज पादऱ्यातल्या शेडमध्ये ड्रिल धरणारा मुलगा बिहारचा, ओडिशाचा किंवा नंदुरबारकडचा असतो. ड्रिलच्या खोक्यातली पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते, ठेकेदार सूचना देतो गुजरातीत, आणि धोक्याचा स्टिकर ग्रीसखाली गेलेला असतो. त्यातही ‘धोका’ हा शब्द वाचता आला तरी कार्बन कधी बदलायचा, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. कार्बन झिजला की मोटर ठिणग्या जास्त टाकते, तापते, करपल्यासारखा वास येतो. दोन्ही कार्बन एकदम बदलायचे असतात. ते स्वस्त असतात आणि दहा मिनिटांत बदलून होतात. न बदलल्यास आर्मेचर जाते आणि मग ड्रिल रिवाइंडिंगवाल्याकडे, जिथून ते बरेचदा कमी इन्सुलेशन घेऊन परत येते.

4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. 1966 मध्ये त्याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. सकाळी कामगार रांगेत उभे राहून उजवा हात पुढे करून शपथ घेतात, छातीला हिरवा बिल्ला लावतात आणि चहा-समोसे होतात. शपथ फक्त कामगारांनी घ्यावी, असे कोणी ठरवले कोण जाणे.

स्टोअरच्या खिडकीवर ड्रिल देताना वहीत नोंद होते: तारीख, कामगाराचे नाव, ड्रिलचा नंबर, सही. ड्रिल हरवले तर कोणाच्या पगारातून कापायचे, यासाठी ती वही. तिच्यात आणखी चार रकाने आखले तर केबल, पिन, खटका आणि मूठ तपासल्याची नोंद करता येईल. महिन्यातून एकदा वायरमनने मेगरने इन्सुलेशन मोजून आकडा लिहायचा आणि तारखेची पट्टी ड्रिलला चिकटवायची, हा पाचवा. सही मात्र देणाऱ्याचीही हवी.