‘राज्यांचे हक्क’ : पण नेमका कशाचा हक्क?

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१-६५) गुलामगिरीवरून झाले की राज्यांच्या हक्कांवरून, हा वाद आजही मिटलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत असलेल्या निकी हेली यांना एका सभेत युद्धाचे कारण विचारले गेले. त्यांनी सरकारची भूमिका, लोकांचे स्वातंत्र्य असे उत्तर दिले; गुलामगिरीचे नावही घेतले नाही. टीकेची झोड उठल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी सारवासारव केली. त्या ज्या साउथ कॅरोलिनाच्या राज्यपाल होत्या, तेच राज्य २० डिसेंबर १८६० रोजी सर्वात आधी संघराज्यातून फुटले होते.

त्या राज्याने फुटण्याची कारणे स्वतःच लिहून ठेवली आहेत. त्यातली मुख्य तक्रार अशी, की उत्तरेकडची राज्ये पळून आलेले गुलाम परत करत नाहीत. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला, हेच दक्षिणेला खुपत होते! १८५० चा फरारी गुलाम कायदा केंद्राचा होता. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, तेव्हा केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने १८५९ मध्ये तो निकाल फिरवला. त्या वेळी दक्षिणेच्या मालकांना केंद्राची सत्ता गोड लागत होती. लिंकन निवडून आल्यावर मात्र त्यांना राज्यांच्या हक्कांचा पुळका आला. फुटीर राज्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये जाहीर भाषणात सांगून टाकले, की काळ्यांची गुलामी हाच आमच्या नव्या सरकारचा पाया आहे. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. या वादात त्यांना कोणी विचारले होते?

युद्धानंतर १३ व्या, १४ व्या आणि १५ व्या घटनादुरुस्तीने मुक्ती, नागरिकत्व आणि मताधिकार दिला. पण १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतून हात काढून घेतला आणि पुढे राज्यांनी कायदे करून काळ्यांना पुन्हा वेगळे पाडले, त्यांचे मत हिरावले. १९६४ आणि १९६५ चे नागरी हक्क व मताधिकार कायदे येईपर्यंत हे चालले.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. जोतीरावांना त्या युद्धाचा अर्थ कळायला अडचण आली नाही, कारण त्यांनी ते गुलामांच्या बाजूने पाहिले. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना अमेरिकेच्या संघराज्याशी आपली तुलना केली आणि आपली घटना काळाच्या गरजेनुसार एकात्म किंवा संघात्मक होऊ शकते, असे सांगितले.

आज आपल्याकडे जीएसटीचा वाटा, राज्यपालांचे अधिकार, मतदारसंघांची पुनर्रचना यावरून केंद्र-राज्य वाद पेटतो. तरुणांनी यात डोळे मिटून कोणा एकाची बाजू घेऊ नये, असे आम्हाला वाटते. केंद्र म्हणजे तारणहार नव्हे आणि राज्य म्हणजे शत्रूही नव्हे. ॲट्रॉसिटी कायदा (१९८९) संसदेने केला, पण गुन्हा नोंदवणारे पोलीस राज्याचे असतात. २० मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा कायदा बोथट केला, तेव्हा तो पूर्ववत करायला २ एप्रिलला लोकांनाच रस्त्यावर उतरावे लागले.

याच कायद्याच्या नियमांनुसार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक वर्षातून किमान दोनदा आणि जिल्हा समितीची तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात शेवटची बैठक कधी झाली? माहिती अधिकारात अर्ज टाका, इतिवृत्त मागा. ‘राज्यांचा हक्क’ किंवा ‘मजबूत केंद्र’ अशी घोषणा कानावर आली की कालाम सुत्ताप्रमाणे ती तपासून घ्या : हा हक्क कोणाचा, कशासाठी, आणि कोणाच्या मानेवर?

जय भीम! नमो बुद्धाय!