जावळाचं मोल

दर जुम्याला, नमाज-जेवण आटोपलं की बाळकुममध्ये आम्ही सात-आठ जणी सुया आणि लोकर घेऊन एकीच्या घरी बसतो. गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एकीला कॅनडाहून नणंदेनं अल्पाकाच्या दोन गुंड्या पाठवल्या. हाताला लोण्यासारखा मऊ धागा! अल्पाका हा उंटाच्या कुळातला, पण मेंढीपेक्षा थोडाच मोठा प्राणी. पेरू आणि बोलिव्हियाच्या उंच डोंगरांत त्याचे कळप असतात आणि वर्षातून एकदा त्याची लोकर कातरतात. तिकडे लोक मुलाबाळांना घेऊन असे कळप बघायला जातात म्हणे. आमच्याही मनात आलं, आपण हौसेनं इतकं विणतो, पण ज्याच्या अंगावरून लोकर येते तो जीव कधी पाहिला आहे का?

अल्पाका काही ठाण्यात मिळणार नव्हता. पण आमच्यातल्या नानी म्हणाल्या, "अगं, दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरून आपल्याकडेच येतात की! पेरू कशाला हवं?"

मग एका रविवारी कशेळीचा पूल ओलांडून निघालो. काल्हेरची गोदामं, अंजूरफाटा, भिवंडीच्या मागांची खडखड मागे टाकून वाड्याच्या रस्त्याला लागलो. भातकापणी झालेल्या एका शेतात मेंढरं बसवलेली दिसली. लेंडीखत मिळावं म्हणून शेतकरी मेंढरं बसवून घेतो आणि धनगराला त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो.

या दख्खनी मेंढ्या. काळी, राठ लोकर. एका मेंढीची वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो निघते, तीही दोन कातरणींत मिळून. तिथल्या धनगरीण मावशींनी पालामागून दोन पोती ओढून आणली. "घेऊन जा बायांनो. घोंगडी कोन इणतंय आता? कातरायची मजुरीबी अंगावर पडती. मागल्या साली तर रानातच टाकून दिली."

आम्हाला वाईट वाटलं आणि, खरं सांगायचं तर, आनंदही झाला. फुकट लोकर! पोतं उचलायला दोघी पुढेही झाल्या. मावशी म्हणाल्या, "ह्यात कोकराचं जावळ बी हाय. लई मऊ."

जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर. तो शब्द ऐकून नानींनी पोत्यावर हात ठेवला. "थांबा. आपल्या पोरांच्या अकीक्याला जावळ काढतो, तेव्हा ते तोलून तेवढ्या वजनाची चांदी सदका करतो ना? आणि हे जावळ फुकट न्यायचं?"

कुणी काही बोललं नाही. चांदीच्या भावानं द्यायचं तर आमच्या साऱ्यांच्या पर्सा मिळूनही पुरल्या नसत्या. पण नानींचं म्हणणं मनाला लागलं. एकीच्या गाडीत उमऱ्याच्या वेळी घेतलेला बॅगा तोलायचा काटा होता. लोकर भरली सहा किलो. बाजारातल्या साध्या ॲक्रिलिक धाग्याला किलोमागे आम्ही जे देतो, त्याच्या निम्म्यानं पैसे दिले. निम्म्यानं अशासाठी, की धुतल्यावर मळ आणि तेलकटपणा जाऊन वजन बरंच घटतं, शिवाय पुढची मेहनत आमची. मावशी आधी घेईनात. "सदका नाही मावशी, दाम आहे," असं नानी म्हणाल्या तेव्हा कुठे त्यांनी पैसे पदराला बांधले.

परतताना वाटेत मनात येत होतं, या भागाची लोकरीशी ओळख काही आजची नाही. १९०० साली ठाण्यात वाडियांची लोकरीची गिरणी सुरू झाली, तिथे कांबळी निघत. तीच १९२५ पासून रेमंड झाली. आज पोखरण रस्त्याच्या त्या आवारात टोलेजंग इमारती आहेत. भिवंडीत लाखो हात मागावर कपडा काढतात आणि त्याच तालुक्यात धनगर लोकर रानात टाकतो.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. तुम्हाला करायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: आधी काटे-काड्या वेचून काढा. रिठ्याच्या कोमट पाण्यात लोकर नुसती बुडवून ठेवा. चोळू नका, चोळलीत की तिचा गठ्ठा होतो. दोन-तीन पाणी बदला आणि सावलीत वाळवा. दख्खनी लोकर अंगाला टोचते, तिचा स्वेटर करू नका. आसन, जाजम, पायपुसणं यांना तिच्यासारखी टिकाऊ दुसरी नाही. जावळ वेगळं ठेवा.

पिंजायचं कसं, यावर आम्ही अडलो. मांजर विंचरायचे तारेचे ब्रश आणले, पण जमेना. नानी बराच वेळ बघत राहिल्या. मग ब्रश हातात घेऊन त्यांनी असे हलके हात फिरवले की लोकर धुक्यासारखी सुटली. त्यांचा नातू तिथेच अभ्यास करत होता. त्यानं विचारलं, "नानी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

इतकी वर्षं आम्ही एकत्र बसतो, पण नानींनी माहेरचं फारसं कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या सुनेनं मान खाली घातली. घरात लग्नाच्या मुली आहेत. नानी म्हणाल्या, "माझ्या बापानं. आम्ही पिंजारी. धुनकीच्या कमाईवर पाच भावंडं वाढलो."

सूफी हा शब्द 'सूफ' म्हणजे लोकरीवरून आला, असं बरेच जाणकार मानतात. कुरआनच्या सूरह नहलमध्ये लोकरीचा उल्लेख अल्लाहच्या देणग्यांत येतो. हे आम्ही मुलांना कौतुकानं सांगतो. मग ती लोकर पिंजणाऱ्या हातांचं नाव सांगताना आवाज खाली का येतो? हलाल कमाईला लाजायचं काय कारण? हा प्रश्न नानींच्या घरापुरता नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत असं एखादं नाव आपण माळ्यावर टाकलेलं आहे.

जावळाचा एक छोटा मुसल्ला तयार होतो आहे. कडा वाकड्या आहेत, रंग मेंढीचाच. पावसाळ्याआधी वाडे घाटावर परतायला लागतील, त्याआधी पुन्हा जायचं ठरलं आहे, इन्शाअल्लाह. या वेळी काटा आठवणीनं नेणार आहोत. आणि नानींची सून म्हणाली आहे, "मीही येते."