वारा पश्चिमेचा, वस्ती पूर्वेची

दोस्तांनो, मुंबई तुंबली की पेपरवाले एकच पिपाणी वाजवतात : निसर्गापुढं सगळे सारखे. पावसाला जात नसते म्हणं! मग २६ जुलै २००५ चा हिशेब काढा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७३. आभाळाची लहर, मान्य. पण पडलेलं पाणी कुणाच्या घरात शिरणार, हे आभाळानं ठरवलं नव्हतं.

मुंबई मूळची सात बेटं. अठराव्या शतकात गोऱ्या साहेबानं हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून समुद्र अडवला. मागच्या खोलगट दलदलीवर भराव पडला, कामाठीपुऱ्यासारख्या कष्टकऱ्यांच्या वस्त्या झाल्या. तिथं भरतीला पाऊस आला की पाणी समुद्रात जातच नाही, गटारातनं उलटं येतं. मलबार हिल मात्र उंच. तिथं बंगले.

आता आपलं गाव आठवा. वारा पश्चिमेचा, म्हणून आपली वस्ती पूर्वेला. आपल्या अंगावरचा वारा पाटलाच्या वाड्यात जायला नको! पाणवठाही नदीच्या खालच्या अंगाला. मुंबईनं हाच नकाशा मोठा केला. समुद्राचं ताजं वारं आधी मलबार हिलला, वरळीला. कचरा १९२७ पासनं पूर्वेला देवनारला, कत्तलखानाही १९७१ ला तिथंच. कातडी कमावणारे तर एकोणिसाव्या शतकातच धारावीच्या चिखलात, तेव्हाच्या वेशीबाहेर. ह्याला टाऊन प्लॅनिंग म्हणायचं? हे तर मनूचंच की रं!

२००५ नंतर खापर फुटलं मिठीकाठच्या झोपड्यांवर. मिठीला विमानतळाच्या धावपट्टीनं कोंडलं, तिच्या दलदलीवर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उठलं, तो विकास. आणि प्लास्टिकचं छप्पर तेवढं अतिक्रमण!

गरिबालाही टेकडी मिळते, नाही असं नाही. चेंबूरच्या भारतनगरात मिळाली होती. १८ जुलै २०२१ ला मध्यरात्रीनंतर उतारावर भिंत कोसळली, झोपेतली १९ माणसं गेली. मलबार हिलही टेकडीच.

आणि कोल्हापूरकरांनी लांबनं हळहळू नये. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलं. पाटबंधारे खात्याच्या पूररेषेचा नकाशा मागून घ्या. निळ्या रेषेच्या आत कुणाची घरं, कुणी आणि कधी तिथं बसवली, पाणी आधी कुणाच्या उंबऱ्याला लागतं, गावागावात जाऊन लिहून काढा. पुढच्या अंकात नावानिशी छापू.