कपातला चक्का आणि घरची वाटी

आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो. पिंप्राळे आता जळगाव शहरात सामावले असले तरी त्या दिवशी ते पुन्हा आपले जुने गाव होते. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे दर्शनाला येतात, मुले खेळण्यांच्या दुकानांपुढे हटून बसतात. यंदा मात्र एका लहानग्याने वेगळाच हट्ट धरलेला पाहिला. शीतपेटीतल्या रंगीत कपाकडे बोट दाखवून तो म्हणत होता, "आजी, ते प्रोटीनवालं दही घे ना!" आजीने कप हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारले, "दहीच आहे ना? मग उपासाला चालंल का? अन् घरी गाय असताना दही इकत का घ्यायचं?"

आजीचे दोन्ही प्रश्न बिनतोड होते. हा कप आता शहरापुरता उरलेला नाही. तालुक्याच्या गावी, बसस्थानकाजवळच्या दुकानात आंबा, स्ट्रॉबेरी, व्हॅनिला अशा स्वादांत तो मिळतो. तेव्हा वाचक भगिनींनो आणि बांधवांनो, आज या कपाचे नीट मोजमाप करू या.

आधी हा कप म्हणजे काय ते पाहू. साध्या दह्यात शंभर ग्रॅमला सुमारे तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात. तेच दही फडक्यात बांधून टांगले की पाणी गळते, घट्ट गोळा उरतो आणि त्यात प्रथिनांचे प्रमाण आठ-नऊ ग्रॅमपर्यंत जाते. तुम्ही म्हणाल, हा तर चक्का! बरोबर. ज्याला बाहेर 'ग्रीक योगर्ट' म्हणतात तो आपल्या श्रीखंडाच्या चक्क्याचाच भाऊ. कारखान्यात फडक्याऐवजी यंत्र पाणी काढते. काही ठिकाणी पाणी काढण्याऐवजी दुधात दुधाची भुकटी किंवा प्रथिनांची भुकटी मिसळून दही लावतात. मग त्यात साखर, फळांचा गर आणि स्वाद घातला की झाला कप तयार.

अमेरिकेत 2007 साली हमदी उलुकाया या तुर्कस्तानातून गेलेल्या, मेंढपाळ घरात वाढलेल्या माणसाने 'चोबानी' नावाने असे दही विकायला सुरुवात केली आणि त्याचा मोठा धंदा झाला. आपल्याकडे मुंबईच्या एका कंपनीने 2015 साली 'एपिगामिया' बाजारात आणले. पुढे अमूलनेही जादा प्रथिनांचे दही, ताक, लस्सी काढली. पण चक्का टिकवून, गोड करून डब्यात भरून विकणे आपल्याला नवे नाही. वारणेच्या श्रीखंडाचा डबा महाराष्ट्रात घरोघर पोहोचला त्याला कितीतरी वर्षे झाली.

मग कप वाईट का? मुळीच नाही. बिस्किटाचा पुडा, तळलेले वेफर्स किंवा रंगीत थंड पेयाची बाटली यांच्याशी तुलना केली तर कप शंभर वाट्यांनी बरा. दुधाची प्रथिने शरीराला चांगली लागतात. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला, आजारातून उठलेल्याला, सकाळी घाईत शाळेची गाडी पकडणाऱ्या मुलाला तो सोयीचा आहे. चक्क्यातली दुधाची साखर बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते, म्हणून दूध न पचणाऱ्या पुष्कळांना तो सोसतो. चुलीजवळ उभे न राहता पोटात चार चांगले घास जातात, ही सोय शेतावर राबणाऱ्या बाईला कमी वाटण्याचे कारण नाही.

पण विकत घेताना पुढच्या चित्राकडे पाहू नका, मागच्या बारीक अक्षरांकडे पाहा. स्वतःला दिसत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून वाचून घ्या.

पहिली गोष्ट, शंभर ग्रॅमला प्रथिने किती. नुसते 'प्रोटीन' हे अक्षर मोठे छापले म्हणजे आत ते भरपूर असेलच असे नाही. पाच ग्रॅम असतील तर ते घट्ट दही, आठ-दहा असतील तर खरा माल.

दुसरी गोष्ट, साखर. स्वादाच्या कपात दहा ग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर सहज आढळते. त्यातली तीन-चार ग्रॅम दुधाची स्वतःची. उरलेली वरून घातलेली, म्हणजे चमचा-दीड चमचा. वरून घातलेली साखर किती, ते वेगळे छापलेले असते. घरात कुणाला मधुमेह असेल तर हा आकडा आधी पाहावा. साध्या, बिनस्वादाच्या कपात हा त्रास नसतो.

तिसरी गोष्ट, घटकांची यादी. ज्याचे वजन जास्त ते नाव आधी, असा छपाईचा नियम आहे. दुधानंतर लगेच साखर आली तर काय ते समजा. यादीत 'स्टार्च' दिसला तर तो बहुधा मक्याचा असतो. आजीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. ज्यांना उपासाला धान्य चालत नाही त्यांनी असा कप एकादशीला घेऊ नये.

चौथी गोष्ट, थंडावा. हा माल कारखान्यापासून तुमच्या हातापर्यंत थंडच राहिला पाहिजे. खानदेशातला वैशाख-ज्येष्ठ तुम्हाला सांगायला नको; त्यात वीज गेली की दुकानाची पेटी नुसती पेटी उरते. झाकण फुगलेले असेल, पाणी फार सुटले असेल किंवा तारीख उलटली असेल तर कप परत करा. उन्हातून दोन तासांची वाट असेल तर घेऊच नका.

आता आजीचा दुसरा प्रश्न, घरी गाय असताना विकत का? हिशेब मांडू. समजा कप पन्नास रुपयांचा आणि त्यात आठ ग्रॅम प्रथिने. म्हणजे एका ग्रॅमला सव्वासहा रुपये पडले. एक लिटर गाईच्या दुधाचे दही टांगले तर तीनशे-साडेतीनशे ग्रॅम चक्का निघतो आणि त्यात सुमारे अठ्ठावीस ग्रॅम प्रथिने राहतात. दूध साठ रुपये लिटर धरले तर ग्रॅमला दोन रुपयांहून थोडे जास्त. फुटाणे एकशे साठ रुपये किलो धरले तर ग्रॅमला ऐंशी पैशांच्या आसपास, शेंगदाणे त्याहूनही स्वस्त. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम फुटाण्यांत सहा ग्रॅम आणि तेवढ्याच शेंगदाण्यांत सात ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यात सहा. तुमच्या गावचे भाव घालून हा हिशेब पुन्हा करा, उत्तर फारसे बदलणार नाही.

डाळीची आणि धान्याची प्रथिने एकेकटी जरा उणी असतात, पण एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी करणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

मुलांना स्वादच हवा असेल तर तोही घरी आहे. रात्री दही स्वच्छ फडक्यात बांधून टांगा; उन्हाळ्यात ते आंबट होते, म्हणून शीतकपाट असेल तर चाळणीवर ठेवून आत गळू द्या. सकाळी चार-पाच चमचे चक्का, अर्धे पिकलेले केळे कुस्करून आणि वेलदोड्याची चिमूट. साखरेची गरजच नाही. ज्या जळगावच्या केळ्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते आपल्या बांधावर पिकते, आणि आपण स्ट्रॉबेरीच्या वासासाठी पैसे मोजतो! गळलेले पाणी टाकू नका. कणीक त्यात मळा किंवा कढीत घाला.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेखणी खाली ठेववत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली दिलेल्या प्रमाणानुसार 65 किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम आणि 55 किलोच्या स्त्रीला 46 ग्रॅम प्रथिने लागतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यात आणखी 22 ग्रॅमची भर हवी, म्हणजे त्या बाईला पुरुषापेक्षाही जास्त. आता आपल्या घरचे पाहा. सकाळी दूध काढणारी कोण? ते डेअरीवर गेल्यावर उरलेल्या दुधाचा चहा होतो. दही असले तर धन्याच्या ताटात, मग मुलाच्या. ती शेवटी जेवते, तेव्हा वरणाची पातेली खरवडलेली असते. बाजारातून कप आलाच तर तो नातवाला मिळतो. नात शेजारी उभी राहून पाहते आणि चहात खारी बुडवून खाते.

हे दुखणे कोणताही कप बरे करणार नाही. ते आपल्याच घरी बरे व्हायचे आहे. डेअरीचे भांडे भरण्याआधी अर्धा लिटर दूध बाजूला काढून दही लावा. ते घरात सारख्या वाट्यांनी वाटा, आणि पहिली वाटी सुनेची किंवा लेकीची असू द्या. संध्याकाळी मूठभर फुटाणे मुलग्याला तसेच मुलीला. घरात मूत्रपिंडाचा आजार असलेले कुणी असेल तर त्यांनी मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

प्रवासात, दवाखान्यात, परीक्षेच्या दिवशी कप घ्या, खुशाल घ्या. साधा घ्या, थंड घ्या, मागचे वाचून घ्या. रोजच्यासाठी मात्र घरची वाटी पुरे आहे. पिंप्राळ्याच्या त्या आजीने शेवटी एक कप घेतला आणि दोन चमचे मागून घेतले. एक नातवाच्या हातात दिला, दुसरा त्याच्या बहिणीच्या.